लहान मुलांची वाक्यं चुकली की टोकायचं की नाही?

सुदामानगरची_आई: मुलगी अडीच वर्षांची आहे. काल म्हणाली "बाबा ऑफिसला जाला, मी पोळी करली." सासूबाई लगेच "जाला नाही, गेला म्हण" करत तीन-तीनदा वदवून घेतात, मग ती गप्पच बसते आणि मला फार वाईट वाटतं. आता बघा, आमच्या घरात "करली" कोणीच म्हणत नाही, मग ही शिकली कुठून? बसला, उठला, पडला ऐकून तिने स्वतःच काढलं ना की मागे "ला-ली" लावायचं. ही नक्कल नाहीये, पोरीचं डोकं चालतंय. टोकूच नये असं माझं मत.

जुना_रामबागकर: अजिबात पटलं नाही. पुण्यात चालेल, इंदूरात नाही. इथे दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. माझा नातू सात वर्षांचा झाला तरी "माझी पुस्तक", "माझा पाणी" म्हणतो, कारण हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी, पाणी पुल्लिंगी, आणि नपुंसकलिंग तर नाहीच. लहानपणी "सुटेल आपोआप" म्हणून कोणी टोकलं नाही. सुटलं नाही.

बालवाडी_ताई: काका, जाला-करली वेगळं आणि माझी पुस्तक वेगळं. पहिली चूक सगळीकडची मुलं करतात, इंग्रजी मुलं पण "वेंट"च्या जागी "गोड" म्हणतात (गो ला ड जोडून). अमेरिकेतल्या भाषा-अभ्यासक जीन बर्को बाईंनी १९५८ मध्ये मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, नाव सांगितलं "वग", मग तसे दोन दाखवले तर मुलं म्हणाली "वग्ज", हा शब्द त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. आणि तिथलेच संशोधक रॉजर ब्राउन नि कॅमिल हॅनलन यांनी १९७० मध्ये दाखवलं की आईबाप व्याकरण फारसं टोकतच नाहीत, गोष्ट खरी की खोटी तेवढं टोकतात. तरी मुलं बोलायला शिकलीच की.

जुना_रामबागकर: ती मुलं अमेरिकेतली, घरात इंग्रजी आणि बाहेर पण इंग्रजी! दिवसभर बरोबर वाक्यं कानावर पडणार. आमच्या नातवाला मराठी फक्त मी आणि आजी, तेही शाळा-ट्यूशनमधून वेळ उरला तर.

बालवाडी_ताई: हे मात्र अगदी खरं आहे. म्हणूनच म्हणते, जास्त बोला त्याच्याशी. मूल म्हणालं "बाबा जाला" की आपण म्हणायचं "हो गं, बाबा गेला, स्कूटरवर गेला, आता संध्याकाळी येईल." बरोबर रूप कानावर पडतं आणि गप्पा पण तुटत नाहीत. "म्हण, म्हण" केलं की माझ्या वर्गातली मुलं तर तोंडच उघडत नाहीत.

सुदामानगरची_आई: हे सासूबाईंना सांगून बघते, त्यांच्याकडे गोष्टी खूप आहेत, त्या सांगताना त्या कधीच टोकत नाहीत.

जुना_रामबागकर: अडीच वर्षांच्या पोरीला नका टोकू, एवढं मान्य. पण सात वर्षांच्या पोराला मी टोकणार. रोज रात्री वाचून दाखवीन, आणि "माझी पुस्तक" म्हणाला की थांबवीन पण.