मदत हवी आहे: मांजरीला खरबूज किती द्यावं?

आमची मनी ३ वर्षांची आहे, वजन ४ किलो, ऑपरेशन झालंय, घरातच असते. रोज ड्राय फूड आणि उकडलेलं चिकन खाते, पाणी मात्र कमी पिते. खरबूज कापायला घेतलं की हातातून ओढून घेते, मांजरांना गोड चव कळत नाही म्हणतात मग बहुतेक वासानेच येत असावी.

द्राक्षं, बेदाणे घातक आहेत आणि संत्रं-लिंबूही द्यायचं नाही हे माहितीये, ते तिच्यासमोर ठेवतच नाही. खरबूज साल आणि बिया काढून बोटाच्या पेराएवढे दोन तुकडे देत होते, काहीच त्रास नव्हता, पण परवा पाहुण्यांनी कौतुकाने पाच-सहा तुकडे भरवले आणि रात्री दोनदा शी पातळ झाली. उलटी नाही, खेळतेय, आता फळ बंद केलंय आणि शी पण नीट आहे. पुन्हा झालं तर डॉक्टरकडे नेणारच आहे.

डायबिटीस किंवा किडनीचा त्रास नाहीये. ज्यांची मांजरं खरबूज खातात त्यांनी प्लीज सांगा, आठवड्यातून किती वेळा आणि किती देता? आणि आता ती आंब्याची कोय पण चाटायला बघते, ते चालेल का?