न्यूमोनियातून मेंदूला सूज: एमआरआय साफ आला, पण बाबांचा तोल अजून जातो

खाडीपलीकडची

बाबा ६१ वर्षांचे. तारकर्लीला घराच्या आवारातच पर्यटकांसाठी दोन-तीन खोल्या आहेत, त्या पावसाळाभर बंद असतात. दिवाळीच्या बुकिंगआधी बाबांनी टाकी, गिझर, शॉवर सगळं स्वतःच्या हाताने साफ केलं. त्यानंतर आठवडाभरात सणसणून ताप, जुलाब, कोरडा खोकला. भातकापणीचे दिवस, त्यामुळे येणारा-जाणारा एकच म्हणे, "लेप्टो असतला." तपासणीत लेप्टो नाही, डेंग्यू नाही, मलेरिया नाही. एक्स-रेत उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया दिसला. सेफ्ट्रियाक्झोन हे अँटिबायोटिक सुरू झालं, तरी ताप हलेना.

मग एका रात्री बाबा बरळायला लागले. जीभ जड. चादरीचं टोक बोटांत धरून जाळं शिवल्यासारखं करत होते, मध्येच दातांनी दोरा तोडायचे आणि मला म्हणायचे, "होडी बांधलंस काय गो?" होडी विकून किती वर्षं झाली!

गोव्याला हलवलं. रक्तातलं सोडियम १२१, म्हणजे खूपच कमी. पाठीतलं पाणी काढून तपासलं, ते स्वच्छ. एमआरआयमध्ये 'कॉर्पस कॅलोसमच्या स्प्लेनियममध्ये' अंडाकृती पांढरा डाग. लघवीच्या तपासणीत लिजिओनेला नावाचा जंतू निघाला. लिव्होफ्लोक्सासिन हे दुसरं अँटिबायोटिक दिल्यावर ताप उतरला, भानावर आले. नंतरच्या एमआरआयमध्ये डाग पूर्ण गेलेला.

आता घरी आहेत. पण चालताना पाय फाकवून टाकतात, वळताना भिंत धरतात, दुपारी गळून जातात. काकू म्हणते मेंदूला एकदा सूज आली की माणूस पहिल्यासारखा होत नाही, देवाला गाऱ्हाणं घालूया. घालू देत, माझी हरकत नाही. पण डाग गेला तर तोल का जातो? हे परत होईल का? आणि सोडियमसाठी पेजेत मीठ वाढवायचं का?

गोळ्या_आणि_गजाली

मी कुडाळकडचा फिजिशियन. रिपोर्ट न बघता लिहितोय, त्यामुळे बाबांच्या डॉक्टरांचा शब्द माझ्या शब्दापेक्षा वरचा.

तुम्ही वर्णन केलंय त्या प्रकाराला 'मर्स' (MERS) म्हणतात, म्हणजे मेंदूची सौम्य सूज, जिच्यात स्प्लेनियमवरचा डाग नंतर निघून जातो. कोरोनाच्या भावकीतल्या मर्सशी याचा संबंध नाही, गूगल करताना घाबरू नका. जपानी डॉक्टरांनी २००४ मध्ये याचं वेगळं वर्णन केलं. जास्त करून मुलांमध्ये, फ्लू वगैरेनंतर दिसतो. मोठ्यांमध्ये कमी, पण लिजिओनेला आणि मायकोप्लाझ्मा या जंतूंच्या न्यूमोनियात नोंदलेला आहे.

जंतू मेंदूत शिरलेला नसतो, म्हणून तर पाठीतलं पाणी बहुधा स्वच्छ येतं. छातीतल्या संसर्गाशी लढताना शरीर जी रसायनं सोडतं त्यांचा परिणाम, त्यात सोडियम घसरलेलं. त्यामुळे मेंदूच्या दोन अर्धांना जोडणाऱ्या पट्ट्याच्या मागच्या टोकाला (रिपोर्टमधलं स्प्लेनियम ते हेच) तात्पुरती सूज येते, असं मानतात. तिथल्या पेशी मरत नाहीत. डाग काही दिवसांत ते काही आठवड्यांत जातो. स्टेरॉइड कधी देतात, पण त्याशिवायही पुष्कळ जण बरे होतात. खरं औषध म्हणजे योग्य अँटिबायोटिक. लिजिओनेला आपल्या पेशींच्या आत लपतो, तिथे सेफ्ट्रियाक्झोनचा उपयोग नसतो. लिव्होफ्लोक्सासिन किंवा अझिथ्रोमायसिन लागतं.

तोलाचं म्हणाल तर तो डाग आणि तोल या दोन गोष्टी वेगळ्या धरा. लिजिओनेलात लहान मेंदूचं, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या मागच्या भागाचं, कामही बिघडू शकतं. जड जीभ, फाकलेली चाल ही त्याचीच लक्षणं, आणि त्या वेळी एमआरआयमध्ये लहान मेंदू नॉर्मल दिसू शकतो. ते बहुधा हळूहळू सुधारतं. काहींना महिने लागतात. फिजिओथेरपी आत्ताच सुरू करा, 'आधी अंगात ताकद येऊ दे' म्हणून थांबू नका. गळून जाणं तर या न्यूमोनियानंतर नेहमीचंच.

मीठ मनाने वाढवू नका! या आजारात सोडियम पडतं ते बऱ्याचदा शरीरात पाणी जास्त अडकल्यामुळे. रक्त परत तपासा आणि पेज-पाणी किती द्यायचं ते त्यावरून ठरू द्या. पुन्हा आजार उलटणं सहसा होत नाही. पण ताप, बरळणं, झटका (फिट), एका बाजूची ताकद जाणं, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

सुरंगीचा_वळेसर

माझ्या नवऱ्याला मायकोप्लाझ्मानंतर अगदी हेच झालं होतं. स्वतःच्या भावाला ओळखेना, नर्सला "मास्तर" म्हणायचा. आता ठणठणीत आहे. आजारातलं त्याला काही म्हणजे काही आठवत नाही, आणि आम्ही ते किस्से सांगितले की चिडतो. बाबांनाही आठवण करून देऊ नका एवढंच.

नळवाला_रत्नागिरी

आजाराचं डॉक्टरांनी सांगितलंय, मी पाण्याचं सांगतो. हा जंतू साधारण २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतो, आणि पाणी पिऊन नाही तर बारीक तुषार श्वासात गेल्याने लागतो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं संमेलन होतं, तिथे साथ आली तेव्हा हा सापडला. माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही, तेव्हा बाबांचं ताट-पेला वेगळा काढला असेल तर परत आत घ्या.

खोल्या उघडण्याआधी शॉवरची जाळी काढून तिच्यावरचे क्षाराचे पांढरे खडे घासून टाका. गिझर ६० अंशांवर तापवून नळ सावकाश सोडा, तोटीला फडकं गुंडाळा म्हणजे तुषार उडणार नाहीत. भाजू नका. बंद खोलीतले नळही आठवड्याला एकदा सोडायचे. आणि हे काम आता बाबांना नको.

खाडीपलीकडची

सगळ्यांचे आभार. ताट खरंच वेगळं काढलं होतं, आईने आजच आत घेतलं. आमच्या गिझरवर आकडे नाहीत, नुसतं लाल-निळं चाक आहे, थर्मामीटर आणते. डॉक्टर, एकच राहिलं: बाबा स्कूटरची किल्ली मागतायत, देऊ का?

गोळ्या_आणि_गजाली

नाही. टाचेला टाच लावून सरळ रेषेत चालता येईपर्यंत स्कूटर, शिडी आणि विहिरीचा काठ तिन्ही बंद. न्यूरॉलॉजिस्टने तपासून हो म्हटलं की मग द्या. तोवर किल्ली तुमच्याकडे ठेवा, आईकडे नको, ती विरघळेल.