फंडरेझरला वाढायची ड्युटी आहे, उमेदवाराशी बोललं तर चालेल का?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी, मी अमेरिकेत मास्टर्स करतोय, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहे आणि युनिव्हर्सिटीच्या केटरिंगमध्ये पार्टटाइम काम करतो, ऑन-कॅम्पस, आठवड्याला २० तासांच्या आत. शनिवारी आमचा एक हॉल फंडरेझरसाठी, म्हणजे निवडणुकीचे पैसे जमवायच्या पार्टीसाठी घेतलाय, उमेदवार हाऊसला (इथल्या संसदेचं खालचं सभागृह) उभा आहे आणि मी ट्रे घेऊन फिरणार आहे. आमच्या गावाकडे उमेदवार हात जोडून दारात येतो, आजी त्याला ओवाळते आणि तिथेच नळाला पाणी का नाही तेपण विचारते. इथे लोक पैसे भरून त्याला भेटायला येतात, हे मला अजून पचलेलं नाही. मला त्याला ओपीटीबद्दल, म्हणजे शिक्षणाला जोडून विद्यार्थ्यांना इथे काही काळ काम करायची जी परवानगी मिळते त्याबद्दल विचारायचंय, आमच्या बॅचला तीच काळजी आहे. रूममेट म्हणतो व्हिसावर आहेस, पॉलिटिक्सच्या वाऱ्यालाही उभा राहू नको. बोललं तर प्रॉब्लेम होतो का? फोटो? आणि २५ डॉलर द्यावेसे वाटले तर?

बँक्वेटवाली मावशी:
अरे बोल की, बोलण्यात काही गुन्हा नाही. मी बरीच वर्षं हॉटेलच्या बँक्वेटमध्ये काढलीत, अशा पार्ट्या पुष्कळ केल्या. आधी सुपरवायझरला विचार, काही ठिकाणी पाहुण्यांशी आपणहून बोलायचं नाही असा नियम असतो. तो डोनर म्हणजे देणगीदार लोकांच्यात उभा असताना मध्ये जाऊ नको, फोटोची लाईन त्यांच्यासाठी असते आणि सोबतची पोरं घड्याळ बघून त्याला पुढे ढकलत असतात. पण असे लोक बऱ्याचदा मागच्या दाराने, किचनच्या पॅसेजमधून येतात-जातात, तिथे मिळतो तुला अर्धा मिनिट. नाव सांग, कुठे शिकतोस सांग आणि एकच प्रश्न विचार.

आणि आपण वाढणारे म्हणून कमी आहोत असं मनात आणू नको. १९६८ ला लॉस एंजेलिसच्या अँबॅसेडर हॉटेलात राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या असलेल्या रॉबर्ट केनेडीला गोळ्या लागल्या तेव्हा तो किचनच्या पँट्रीतून जाताना तिथल्या कामगारांशी हात मिळवत होता. त्याचं डोकं हातात धरून बसलेला हुआन रोमेरो १७ वर्षांचा बसबॉय, म्हणजे टेबलं आवरणारा पोरगा होता, मेक्सिकोहून आलेला. त्याआधी त्याने केनेडीच्या रूमवर जेवण नेलं होतं, तेव्हाही केनेडीने त्याच्याशी नीट हात मिळवला होता, आणि तो मान रोमेरो आयुष्यभर विसरला नाही. मला अजून ते वाचून भरून येतं.

नियमाप्रमाणे:
पैशाचं मात्र अजिबात नाही, २५ काय, एक डॉलर पण नाही. सिटिझन किंवा ग्रीनकार्डवाला नसेल त्याला इथल्या कुठल्याही निवडणुकीत देणगी द्यायला बंदी आहे, मग ती हाऊसची असो नाहीतर गावच्या स्कूल बोर्डाची. कॅम्पेनकडून टीशर्ट किंवा टोपी विकत घेतली तरी कायद्याने ती देणगीच धरतात, आणि तिकीट तर सरळसरळ देणगी. मित्राच्या कार्डावरून देणं तर त्याहून वाईट, दुसऱ्याच्या नावाने देणं हा वेगळा गुन्हा आहे. बाकी ज्यांना देता येतं त्यांना २०२५-२६ ला एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी ३,५०० डॉलरची मर्यादा आहे, प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवायची) वेगळी आणि जनरल (मुख्य निवडणूक) वेगळी धरतात. तुला केटरिंगचा पगार मिळतो, त्यात काही वावगं नाही.

ओहायोचा दादा:
फोटो मिळाला तर घे, पण खिशातून फोन काढून भाषण रेकॉर्ड करत बसू नकोस, नोकरी जाईल आणि काही राज्यांत कायद्याचीही भानगड होते. २०१२ ला राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या असलेल्या मिट रॉम्नीचं, ४७ टक्के लोक सरकारवर अवलंबून आहेत हे बोलणं माहिती असेल, ते फ्लोरिडातल्या बोका रॅटनच्या फंडरेझरला तिथल्या बारटेंडरनेच रेकॉर्ड केलं होतं, ताटामागे ५०,००० डॉलर होते म्हणे. त्याने नंतर सांगितलं की कॅमेरा फोटोसाठी नेला होता, कारण आधी एका कार्यक्रमात बिल क्लिंटन स्टाफबरोबर फोटो काढायला थांबला होता. बारच्या मागे उभ्या माणसालाही कान असतात हे तेव्हापासून सगळ्या कॅम्पेनना कळलंय, म्हणून फोन बाहेर ठेवायला लावतील, राग मानू नकोस.

गोदाकाठ:
मावशी, दादा, खूप आभार. पैशाचं माहितीच नव्हतं, टीशर्ट तर मी नक्की घेतला असता. सुपरवायझर म्हणाली तो स्वतःहून बोलला तर बोल. पण अर्ध्या मिनिटात ओपीटीचं काय विचारू?

नियमाप्रमाणे:
"निवडून आलात तर ओपीटी चालू ठेवायच्या बाजूने मत द्याल का" एवढंच, हो किंवा नाही ऐक. आणि उद्या तुझी फाईल कुठे अडकली तर या उमेदवाराची वाट बघू नकोस, तुझ्या भागाचा जो खासदार आत्ता आहे त्याच्या ऑफिसला लिही. तिथे केसवर्करच असतात, मत नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी पण ते इमिग्रेशन खात्याकडे चौकशी करतात, फक्त संमतीचा फॉर्म भरून द्यावा लागतो.