घरात कोणी नेव्हीत किंवा बोटीवर होतं का? खेळवेडे असतील तर नक्की लिहा

शिरगावकर:
परवा नौदल दिनाचा कार्यक्रम टीव्हीवर बघत होतो. २०२३ ला तो आमच्याकडे तारकर्लीला झाला तेव्हा बाबांना घेऊन गेलो होतो. सगळ्यांच्या माना वर, विमानांकडे. आणि बाबा बाजूला वाळूत कबड्डी खेळणाऱ्या पोरांवर ओरडतायत, "कोपरा सोडू नको रे!"

बाबा जुन्या विक्रांतवर, बॉयलर रूमला. लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत, म्हणजे नौदलाच्या इंजिनिअरिंग शाळेत शिकलेले. समुद्राबद्दल फार बोलत नाहीत, पत्रं मात्र नेमाने यायची. आंतरदेशीय पत्रात आतली सगळी जागा आईची: कौलं शाकारली का, आजीचं औषध, गाय व्याली का. बाहेरची घडीची चिंचोळी पट्टी माझी. तिथे चिमुकलं मैदान आखलेलं, सात फुल्या, खाली "पकड करताना घाई नको, मध्यरक्षक येईपर्यंत थांब." पत्र पोचेपर्यंत स्पर्धा संपलेली असायची. आमचे सर ती पट्टी जपून ठेवायचे आणि पुढच्या वर्षी संघाला वाचून दाखवायचे.

माझ्या जन्माचे पेढे आजोबांनी वाटले, बाबा समुद्रात. १९९० ला बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डी पहिल्यांदा पदकासाठी खेळली गेली आणि आपल्याला सुवर्ण मिळालं, त्याचे पेढे मात्र बाबांनी वाटले. सुट्टीवर होते ना!

तुमच्याकडचं सांगा.

मृण्मयी_क:
आमचे हे मर्चंट नेव्हीत, बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. २०११ च्या वर्ल्डकपची फायनल, हे टँकरवर आखातात. सॅटेलाइट फोनचं कार्ड घालून फोन केला. मला वाटलं लेकीचा ताप विचारतील. "गंभीर किती?" ९७ वर गेला म्हणेपर्यंत कार्ड संपलं. ताप राहिलाच. दुसऱ्या दिवशी कॅप्टनच्या ईमेलवरून दोन ओळी आल्या, पहिली लेकीची होती म्हणून माफ केलं. कुकर झालाय, नंतर लिहिते.

चिंगी:
पहिली ओळ लेकीची 😂 नशीबवान आहात

अण्णा_वेंगुर्ला:
पत्ता आठवतो का कोणाला? केअर ऑफ एफएमओ, मुंबई. जहाज कुठेही असो, पत्ता तोच.

खडूस_काका:
५६ एपीओ ना?

अण्णा_वेंगुर्ला:
ते आर्मीचं हो. एफएमओ म्हणजे फ्लीट मेल ऑफिस. आमचो बापूस पण नेव्हीत, वर व्हॉलीबॉलचो पंच. म्हणायचो, "दर्या नि पंच, दोघांकय उलट बोलाचा नाय." घरात तिसरो पंच म्हणजे आये.

निवृत्त_पेटीऑफिसर:
शिरगावकर, तुमच्या बाबांना नमस्कार सांगा. बॉयलर रूमवाल्यांना आम्ही वरचे लोक फक्त जेवणाच्या रांगेत बघायचो, घामाने निथळलेले.
मी बोट पुलिंगवाला. व्हेलर बोट, पाच वल्ही, एक सुकाणूवाला. रेगाटाच्या, म्हणजे होड्यांच्या शर्यतीच्या आधी पहाटे सराव, मग दिवसभर ड्यूटी. तळहाताची सालं निघायची, त्यावर पट्टी बांधून पुन्हा वल्हं. जिंकलेल्या जहाजाला कोंबडा मिळतो, म्हणजे कॉक ऑफ द फ्लीट. बायकोला कळवलं "कोंबडा जिंकलो", तिने उलट विचारलं, "रस्सा कोणी केला?"
खरं सांगतो, खेळ नसता तर पोरं वेडी झाली असती. तीनमजली बंक, वरच्याचं घोरणं, घरची खबर नाही. खेळात निदान रोज काहीतरी जिंकता-हरता यायचं.

अनामिका_३:
सगळं गोड चाललंय म्हणून जरा मीठ घालते. आमचे बाबा चीफ पेटी ऑफिसर. सुट्टीवर आले की पाच वाजता "वेकी वेकी!" जमीन म्हणजे डेक, स्वयंपाकघर म्हणजे गॅली. मी आणि दादा डोळे चोळत समुद्रावर धावायला. दादाला चित्रं काढायची होती, त्याच्या हातात थाळीफेक दिली. वर्षभराचं बापपण दोन महिन्यांत उरकायचं असतं त्यांना, आणि ते सगळं आमच्या पायांवर निघायचं. प्रेम होतंच, पण तेव्हा त्यांची रजा संपायची वाट बघायचो आम्ही.

मृण्मयी_क:
@अनामिका, अगदी! ह्यांनी बोटीवरून आल्या आल्या माझा मसाल्याचा रॅक वर्णानुक्रमे लावला होता. मिसळणाचा डबा अजून सापडत नाही.

शिरगावकर:
@अनामिका, आईही हेच म्हणते. "ते गेले की घर आमचं होतं."
@पेटीऑफिसर, नमस्कार सांगितला. "कुठल्या जहाजाचा?" विचारतायत.

सागर_९९:
मंडळी, विषयांतराबद्दल सॉरी. भाच्याला जीपी रेटिंग, म्हणजे मर्चंट नेव्हीत खलाशी व्हायचा कोर्स करायचाय. एजंट आगाऊ पैसे मागतोय, चालेल का?

निवृत्त_पेटीऑफिसर:
अजिबात देऊ नका. डीजी शिपिंगची, म्हणजे सरकारच्या जहाजवाहतूक खात्याची मान्यता असलेलीच संस्था बघा. नोकरी लावणाऱ्याकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा सरकारी परवाना आहे का, तेही तपासा.

मृण्मयी_क:
आणि एजंट "थेट परदेशी बोट" म्हणाला तर तिथूनच माघारी फिरा. २०२० मध्ये ह्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं तरी रिलीव्हर, म्हणजे बदली माणूस येईना. विमानं बंद, बंदरात उतरू देईनात. चांगली कंपनी होती म्हणून पगार चालू राहिला. डेकवर दोरीचं जाळं लावून क्रिकेट खेळायचे, चेंडू समुद्रात गेला की आउट. शेवटी जुन्या मोज्यांचे चेंडू.

सागर_९९:
धन्यवाद ताई, काका. भाचा गोलकीपर आहे, चालेल ना?

खडूस_काका:
चेंडू समुद्रात जात असतील तर त्यालाच आधी घेतील.

अण्णा_वेंगुर्ला:
त्याका आधी पोहूक शिकवा. कोकणातल्या निम्म्या पोरांका येना नाय!