जीपमध्ये टर्बो डिझेल इंजिन बसवताना वेस्टगेटचा जाम झालेला लिव्हर आणि ॲक्च्युएटरची नळी

घाटवळण (प्रश्न)

नमस्कार. माझ्या जुन्या महिंद्रा जीपमधले २११२ सीसीचे डिझेल इंजिन काढून त्या जागी बोलेरोचे २५२३ सीसीचे, कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक इंधन फवारणी) नसलेले टर्बो इंजिन बसवण्याचे काम सध्या चालू आहे. हे इंजिन भंगारवाल्याकडे पावसाळाभर उघड्यावर पडून होते. टर्बोचा शाफ्ट बोटाने सहज फिरतो आणि त्याला बाजूची खेळ नाही, परंतु वेस्टगेटचा (टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेचा) लिव्हर जागचा हलत नाही. शिवाय ॲक्च्युएटरच्या, म्हणजे ती झडप हलवणाऱ्या, डबीला जाणारी नळी कोणीतरी कापून नेलेली आहे. एका मेकॅनिकचे म्हणणे असे की डबीला अल्टरनेटरवरच्या व्हॅक्यूम पंपाची लाइन द्यावी. दुसऱ्याने डबीचे निपल (नळी जोडायचे तोंड) बंद करून विषय संपवावा असा सल्ला दिला. यांपैकी योग्य काय, आणि लिव्हर न मोडता मोकळा कसा करावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पाना_बारा

दोन्ही सल्ले बाजूला ठेवा. व्हॅक्यूमवर चालणारा ॲक्च्युएटर मुख्यतः व्हेरिएबल जॉमेट्रीच्या (आतली पाती वळवून काम करणाऱ्या) टर्बोवर असतो, आणि तिथे रॉड डबीच्या आत ओढला जातो. आपल्या साध्या वेस्टगेटचे काम याच्या उलट चालते: कॉम्प्रेसरने दाबलेली हवा डबीतल्या डायफ्रॅमवर (लवचिक पडद्यावर) येते, स्प्रिंगचा जोर मोडून रॉड बाहेर ढकलते, झडप उघडते आणि एक्झॉस्टचा काही भाग टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. या डबीला व्हॅक्यूम दिल्यास झडप उलट अधिकच घट्ट मिटून राहील, आणि डायफ्रॅम फाटलेला निघाला तर ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूमही त्याच वाटेने गळू लागेल. निपल बंद करणे म्हणजे झडप कधीच न उघडू देणे. चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की बूस्टला (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाला) आवर राहत नाही आणि त्याची किंमत हेड गॅस्केट किंवा टर्बो मोजतो. नळी कॉम्प्रेसर हाउसिंगच्या बाहेर पडणाऱ्या तोंडाजवळच्या निपलवरून थेट डबीला जोडावी, वाटेत फाटा काढू नये, आणि दोन्ही टोकांना क्लिप लावावी.

मात्र नळीच्या आधी लिव्हर. रॉडच्या टोकाची क्लिप काढून रॉड लिव्हरच्या पिनवरून उतरवा, म्हणजे जाम काय आहे, लिव्हर की डबी, हे लगेच कळते. बहुतेक वेळा लिव्हरचा शाफ्ट टर्बाइन हाउसिंगमधल्या बुशात गंजून बसलेला असतो. तिथे पेनिट्रेटिंग ऑइल सोडून रात्रभर मुरू द्यावे, दुसऱ्या दिवशी लिव्हर पकडीने धरून केसभरच मागेपुढे करावा, जितका हलेल तितक्यावर थांबून पुन्हा तेल द्यावे. तपकिरी, चिकट पाणी बाहेर येऊ लागले की गंज सुटतो आहे असे समजावे. हातोडी मारण्याचा मोह टाळा. लिव्हर वाकला की झडप बसकीवर (ती जिथे टेकते त्या कडेवर) सरळ बसत नाही. मोकळा झाल्यावर झडप लिव्हरच्या टोकाला किंचित लुडबुडते, ती खेळ मुद्दाम ठेवलेली असते, तिला दोष समजून वेल्डिंग करून घेऊ नये.

काजळी

वरील उत्तराशी सहमत आहे, एक भर घालतो. तेलाने दाद दिली नाही तर ॲक्च्युएटर ब्रॅकेटसह उतरवून, तेल पूर्ण पुसून, फक्त बुशाच्या भोवतालचे ओतीव लोखंड टॉर्चने तापवावे आणि आपोआप निवू द्यावे. पाणी ओतल्यास हाउसिंगला तडा जाऊ शकतो. साधे ग्रीस तिथे अजिबात लावू नका. एक्झॉस्टच्या उष्णतेत त्याचा कोळसा होतो आणि लिव्हर पूर्वीपेक्षा घट्ट धरतो. लावायचेच असेल तर निकेलचे अँटी-सीझ कंपाउंड, तेही नावापुरते.

डबी तपासताना गॅरेजच्या कॉम्प्रेसरची लाइन थेट जोडू नये, कारण तिथे सहज १०० पीएसआयच्या वर दाब असतो आणि डायफ्रॅम एका क्षणात फाटतो. गेज असलेला हातपंप घ्या, दाब हळूहळू वाढवा, रॉड कितीवर हलू लागतो ते लिहून ठेवा आणि तिथेच मिनिटभर थांबा. काटा खाली येत असेल तर डबी बदलावी लागेल; तिची दुरुस्ती करण्यात वेळ घालवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

घाटवळण

दोघांचेही आभार. तेलाने लिव्हर सुटला, टॉर्चची गरज पडली नाही. डबी दाब धरते आहे आणि रॉड साधारण १० पीएसआयला हलू लागतो. आता एक शंका आहे: रॉड पुन्हा बसवताना त्याचे भोक पिनच्या थोडे अलीकडेच राहते. लॉक नट सोडून रॉड लांब करावा का? तसेच डिझेल पंपाच्या माथ्यावर आणखी एक डबी आहे, तिच्यासाठी याच नळीतून फाटा काढला तर चालेल का?

पाना_बारा

रॉडला हात लावू नका. झडप मिटलेली असताना भोक एक-दोन मिलिमीटर अलीकडे राहणे आणि रॉड किंचित ओढून पिनवर चढवावा लागणे, हाच तो ताण आहे, ज्यामुळे झडप बसकीवर दाबून राहते. रॉड लांब केल्यास झडप वेळेआधीच उघडेल, टर्बो उशिरा जागा होईल आणि गाडी खालच्या आरपीएमला काळा धूर देईल. आखूड केल्यास बूस्ट वाढेल. मिस्त्री लोक पिकअप वाढवण्यासाठी नेमके हेच करून देतात आणि गेज मात्र बसवत नाहीत.

पंपावरची डबी बूस्ट आल्यावर डिझेल वाढवण्यासाठी असते. तिला इनटेक मॅनिफोल्डवरून स्वतंत्र नळी द्यावी, कारण सिलिंडरला प्रत्यक्ष मिळणारा दाब तिला कळला पाहिजे. एकाच नळीत फाटा काढला आणि एक टोक निसटले, तर वेस्टगेट आणि डिझेल दोन्हींचा हिशेब एकदम चुकतो. दोन्ही नळ्या तेल व उष्णता सोसणाऱ्या रबराच्या किंवा सिलिकॉनच्या घ्या आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून दूर बांधा. वायपरच्या पाण्याची प्लास्टिक नळी कोणी देऊ केल्यास घेऊ नये, ती वितळून आतून मिटते आणि बाहेरून शाबूत दिसते. पहिल्या चाचणीला इनटेक मॅनिफोल्डवर बूस्ट गेज लावूनच निघा. काटा १० पीएसआयच्या आसपास स्थिरावण्याऐवजी चढतच राहिला तर ॲक्सिलरेटर सोडून गाडी बाजूला घ्या आणि आधी नळी तपासा.