खारीची तीन पिल्लं: एकाचं पोट फुगलंय, एकाच्या नाकातून दूध आलं. तातडीने मदत हवी

नमस्कार. रात्रीचे अडीच वाजलेत आणि एका हाताने टंकतेय, चुका सांभाळून घ्या.

परवा दुपारी वाऱ्याने झाडाची फांदी मोडली आणि खारीचं घरटं खाली आलं. आत तीन पिल्लं. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, पाठीवर नुकती लव आलेली. खोक्यात घालून त्याच झाडाखाली ठेवली आणि अंधार पडेपर्यंत लांबून पाहत बसले. आई फिरकली नाही. मांजरं घुटमळायला लागली तेव्हा घरात आणली.

इथपर्यंत ठीक होतं, पुढे मी माती खाल्ली. पिल्लं गार आणि निपचित होती. मला वाटलं भुकेने गळालीत, म्हणून गाईचं दूध कोमट करून ड्रॉपरने पाजलं. रात्रीत चार वेळा. हे दूध चालत नाही हे दुसऱ्या दिवशी वाचलं, तोवर व्हायचं ते झालं होतं.

आत्ताची परिस्थिती अशी. सगळ्यात मोठं २४ ग्रॅमचं (स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजलं). त्याचं पोट टणक आणि इतकं ताणलंय की कातडी चकाकते. शी पातळ, पिवळी, शेपटीखाली चिकटलेली. मधलं २२ ग्रॅमचं, ते त्यातल्या त्यात बरं आहे, ड्रॉपरचं टोक तोंडाला लागलं की दोन्ही पंज्यांनी पकडतं. धाकटं १७ ग्रॅमचं. काल संध्याकाळी पाजताना त्याच्या नाकातून दुधाचा बुडबुडा आला. तेव्हापासून श्वासाबरोबर बारीक टिक्-टिक् ऐकू येतं, मनगटी घड्याळ कानाला लावल्यासारखं.

आता काय करू? पोटाला काही लावायचं का? त्या आवाजाचा अर्थ काय? जवळच्या दवाखान्यात फोन केला होता, तिथे फक्त कुत्री-मांजरी बघतात म्हणाले. आणि "उंदराच्या जातीचं ते, किती जीव लावशील" असं सांगायला घरात एक जण आहेत, तेवढे पुरेत.

प्रतिसाद १

ताई, आधी ड्रॉपर खाली ठेवा. तिघांचंही दूध बंद. मी गेली काही वर्षं अशी पिल्लं सांभाळून पुढे वन्यजीव बचाव केंद्रात पोचवते, त्यामुळे हक्काने सांगतेय.

क्रम कायम लक्षात ठेवा: आधी ऊब, मग पाणी, दूध सगळ्यात शेवटी. पिल्लू गार असलं की त्याचं पोट काम करत नाही. दूध तसंच पडून आंबतं, वायू धरतो आणि पोट फुगतं. गरम पाण्याची पिशवी जाड फडक्यात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्या भागाखाली ठेवा, पूर्ण नको. फार तापलं तर त्यांना दुसऱ्या बाजूला सरकता आलं पाहिजे. वरून बल्ब लावू नका, पिल्लं कोरडी पडतात. पिल्लू तुमच्या गालाला लावून बघा. गार लागलं तर थेंबसुद्धा पाजायचा नाही.

ऊब आली की मानेमागची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडा. लगेच सपाट झाली तर बरं. उभीच राहिली तर अंगातलं पाणी कमी झालंय. जुलाब होताहेत म्हणजे झालं असणारच. काही स्वाद न घातलेलं साधं ओआरएस कोमट करा आणि पुढचे तीन-चार वेळ फक्त तेच द्या. जुलाब आणि फुगलेलं पोट या दोन्हींवर घरी करण्यासारखं तेवढंच आहे.

एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाहीत. शू होतेय का? या वयात ती आपोआप होत नाही, आई चाटून करवते. कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेला कापूस शेपटीखाली अगदी हलक्या हाताने फिरवत राहा, प्रत्येक वेळी पाजण्याआधी आणि नंतरही. पोट वायूने फुगतं तसं तुंबलेल्या शूनेही फुगतं.

धाकट्याचं मात्र घरी निभणार नाही. तो आवाज दूध श्वासनलिकेत गेल्याचा असतो, त्यातून न्यूमोनिया होतो. त्याला अँटिबायोटिक लागेल आणि त्याचा डोस डॉक्टरनेच वजन बघून ठरवायचा. माणसाच्या गोळीचा तुकडा देण्याचा मोह टाळा. ससे, गिनीपिग बघणारा डॉक्टर शोधा. जवळचं वन्यजीव बचाव केंद्रही शोधा आणि सकाळी पहिला फोन तिथे करा. रानातले जीव परवान्याशिवाय घरात ठेवायला बऱ्याच ठिकाणी कायद्याने बंदी असते, त्यामुळे तो फोन तसाही करायचाच आहे.

प्रतिसाद २

माणसाचा हात लागला की आई पिल्लांना घेत नाही असं ऐकलंय. म्हणूनच आली नसेल का?

प्रतिसाद ३

नाही हो, तो गैरसमज आहे. खारी पिल्लांना तोंडात धरून दुसऱ्या घरट्यात हलवतात, माणसाच्या वासाने अडत नाहीत. गार पडलेलं, हालचाल न करणारं पिल्लू मात्र ती सोडून देऊ शकते. म्हणून खोक्यात उबेची पिशवी ठेवून, दिवसाउजेडी काही तास वाट बघायची असते. धागाकर्तीने वाट बघितली, फक्त ऊब द्यायची राहून गेली. आता आजारी पिल्लं परत झाडाखाली ठेवू नका.

आणखी एक. मांजरं फिरत होती म्हणता, तर लवेखाली दातांच्या खुणा आहेत का ते उजेडात बघा. टाचणीच्या टोकाएवढं भोकही पुरे, मांजराच्या तोंडातले जंतू लहान जिवाला फार लवकर मारतात. पांढऱ्या तांदळाच्या कणीसारखं काही चिकटलेलं दिसलं तर ती माशीची अंडी, चिमट्याने काढून टाका.

धागाकर्ती, पहाटे ५.१०

जखमा नाहीत, अंडीही नाहीत. आणि शू! मी पाजून झाल्यावर नुसतं पुसत होते, करवत नव्हते. मोठ्याला कापूस लावला तर आधी काहीच नाही, मिनिटभराने फडक्यावर बटणाएवढा डाग, मग दुसरा, मग तिसरा. थांबेचना. पोट अजून फुगलेलं आहे पण दाबलं जातंय. बिचारं दोन दिवस तुंबलं होतं आणि मी वर आणखी दूध ओतत होते.

धाकटं तसंच. ओआरएसचे चार थेंब घेतले. आता मला पाजायचीच भीती वाटतेय. धरायचं कसं?

प्रतिसाद १

भीती वाटली ते बरंच झालं, हात सावकाश चालेल. तान्ह्या बाळासारखं उताणं कधीच धरायचं नाही. पालथं, डोकं थोडं वर, हनुवटीखाली तुमचं बोट. ड्रॉपर फेकून द्या, त्यातून किती आलं यावर ताबा राहत नाही. सुई काढलेली १ मिलीची सिरिंज घ्या, ओठावर एक थेंब ठेवा, गिळला की पुढचा. नाकातून आलं तर तिथेच थांबून डोकं खाली करा आणि नाक पुसा.

एका वेळी वजनाच्या साधारण ५ टक्के. म्हणजे २४ ग्रॅमच्याला १.२ मिली, त्याहून जास्त नको, कितीही मागू दे. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. दूध सुरू कराल तेव्हा कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर आणा, तीही एकदम नाही. पहिल्यांदा एक भाग दूध आणि तीन भाग ओआरएस, पोट ठीक राहिलं तर पुढे निम्मं-निम्मं. रोज एकाच वेळी वजन करून लिहून ठेवा, तोंडाकडे बघून काही कळत नाही.

धागाकर्ती, तिसऱ्या दिवशी

उशिरा लिहितेय. ससे बघणारा डॉक्टर दुपारी मिळाला. धाकट्याला औषध सुरू केलं, पहिले दोन डोस घेतले त्याने. काल पहाटे चार वाजता बघितलं तेव्हा तोंड उघडून श्वास घेत होतं. साडेचारला गेलं. उंदराच्या जातीचं म्हणणारे उठून बसले होते शेजारी, काही बोलले नाहीत.

मोठ्याचे जुलाब थांबले, वजन २६. मधलं २५. बचाव केंद्र दोघांना परवा घेणार आहे, तोवर फोनवर विचारत राहा म्हणालेत.

आता नवीनच त्रास. मोठं मधल्याच्या पोटाखाली तोंड घालून चोखत बसतं. दोघंही नर आहेत. तिथे लाल झालंय. हे सामान्य आहे का?

प्रतिसाद १

धाकट्याचं वाईट वाटलं. तो आवाज सुरू झाल्यावर फार थोडी वाचतात.

चोखण्याचं लगेच थांबवा. आई नसलेली पिल्लं हे करतात, पण तिथे सूज येऊन शूची वाटच बंद होते. केंद्रात जाईपर्यंत दोन वेगळी खोकी करा आणि मधल्याला शू नीट होतेय का ते दर वेळी बघा. झाली नाही तर परवापर्यंत थांबू नका, त्याच डॉक्टरकडे न्या.

धागाकर्ती

वेगळी केली. मधल्याला शू झाली, नीट झाली. पण आता दोघंही एकटी पडल्यापासून किंचाळताहेत. सोबतीला खोक्यात काय ठेवू? टॉवेलची गुंडाळी चालेल?

प्रतिसाद १

टॉवेल नको, त्याच्या धाग्यांच्या वेटोळ्यांत नखं अडकतात. धुतलेला मऊ मोजा गुंडाळून ठेवा, उबेच्या बाजूला. त्यात शिरून झोपतील.