मदत हवी आहे: हॅलोविनची रेकॉर्ड ढिली वाजून राहिली, ३१ च्या आत उपाय सांगा

घाटंजीचा_रातकिडा:
भावांनो अर्जंट आहे. रेकॉर्ड आली एकदाची आणि आली तर ढिली वाजून राहिली. गाणं ओढल्यासारखं येते, ढोल जड, गाणाऱ्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. सुई बदलली, पट्टा नवा टाकला, काही फरक नाही. दुसऱ्या बाजूच्या शेवटी तर अडकतेच, दार करकरल्याचा आवाज येतच राहते, सुई हातानं उचलेपर्यंत थांबत नाही. ३१ ऑक्टोबरच्या रात्री वावरातल्या खोलीवर बारा जण येणार आहेत. चौघांनी पैसे जमवून मागवली, सहा महिने वाट पाहिली. नारंगी आहे, वर काळे शिंतोडे, कव्हरवर मक्याच्या वावरात उभं बुजगावणं, आतल्या कागदावर हातानं नंबर टाकलेला, ३०० पैकी ११२. लहान बँड आहे, एवढ्याच काढल्या, परत निघणार नाही. पेटी उघडली तवा माझे हात थरथरत होते. लवकर सांगा.

सुई_आणि_खाच:
प्लेअर कोणता? स्पीड किती लावली? लेबलवर मिनिटाला ३३ फेरे लिहिलंय की ४५? बारा इंची रेकॉर्डसुद्धा कधी कधी ४५ ची असते, ती ३३ वर लावली की हेच होतं.

घाटंजीचा_रातकिडा:
३३ च आहे आणि ३३ वरच लावली. ४५ वर केलं तर चिरकते. प्लेअर चांगला आहे, काकांचा आहे.

स्टॅबिलायझर_भाऊ:
काही नाही, व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे. रात्री सगळे मोटारी चालू करतात, आमच्याकडे १७० वर येते, पंखा कसा हळू होते तशीच मोटर हळू होते. चांगला स्टॅबिलायझर लाव, मी टीव्हीले, फ्रिजले, सगळ्याले लावला, दहा वर्षं झाले काही जळलं नाही.

काळीच_बरी:
रंगीत रेकॉर्ड घेता कायले? त्यातही शिंतोड्याची. दोन रंगांचा माल एकत्र दाबला की खरखर वाढते. मी पंधरा वर्षं जमवून राहिलो, काळ्याशिवाय हात लावत नाही.

सुई_आणि_खाच:
@काळीच_बरी खरखर वेगळी, ढिलं वाजणं वेगळं. रंगानं स्पीड बदलत नाही. आणि अशा बँडची मजाच ती आहे हो, पहाटे उठून बुक करायची, नारंगी-काळी तबकडी फिरताना पाहायची. मोबाईलवर गाणं कधीही ऐकता येतं.

काळीच_बरी:
पाहायची वस्तू नाही ती, ऐकायची आहे.

संत्र्याची_बाग:
वाकडी झाली असेल. टिनाच्या घरात ठेवली काय? दोन काचांत दाबून तासभर उन्हात ठेव, सरळ होते.

सुई_आणि_खाच:
नका नका नका! कोणी करू नका हे. रेकॉर्डचं व्हायनल म्हणजे पीव्हीसी प्लास्टिक, ६०-७० अंशाच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि आपल्याकडच्या उन्हात काचेखाली तेवढं सहज होतं. खाचा बसल्या की संपलं. उभी ठेवा, सावलीत, भिंत तापत नाही अशा खोलीत.

संत्र्याची_बाग:
माझ्या तीन सरळ झाल्या आहेत. डिसेंबरच्या उन्हात केलं होतं, मे मध्ये नाही.

वऱ्हाडी_माणूस:
मले एक सांगा, आपल्याकडे सर्वपित्री आहे, मारबत आहे, घेऊन जा गे मारबत म्हणत अख्खं नागपूर रस्त्यावर येते, मग हे विदेशी भुतं कायले पाह्यजेत?

पिंपळाखालचा:
दादा कोण कोणाची जागा घेऊन राहिलं? आयर्लंडचे लोक आधी सलगम कोरून आत दिवा लावत होते, अमेरिकेत गेले तवा त्याहीले मोठमोठे कोहळे भेटले म्हणून कोहळं आलं. मेलेल्याची आठवण आणि वाईटाले गावाबाहेर हाकलणं, हे त्याहीचंही आहे आणि आपलंही. मी तान्ह्या पोळ्यालेही जातो आणि ऑक्टोबरात असे रेकॉर्डही ऐकतो. माझी आजी वावरातल्या चकव्याची गोष्ट सांगे, रातभर माणूस धुऱ्याधुऱ्यानं फिरते आणि सकाळी जिथल्या तिथंच. ते अंगावर येणं मले या बँडांत सापडलं. ऑर्गनचा लांब सूर, मधात वाऱ्याचा आवाज, अंधारात ऐकून पाहा एकदा.

घाटंजीचा_रातकिडा:
बरोबर बोलले पण माझा प्रश्न तसाच आहे ना. आज २४ झाली.

लाखेचं_घर:
आमच्या आजोबांकडच्या रेकॉर्डी व्हायनलच्या नव्हत्या, लाखेच्या होत्या, ७८ स्पीडच्या. हातातून पडली की काचेसारखी फुटे. आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे पळसावर, कुसुमावर लाख होते तीच ही. १९४८ मध्ये अमेरिकेत ३३ ची एलपी आली आणि मग हळूहळू लाख मागं पडली. चाळीसेक शिल्लक आहेत, त्या आताच्या प्लेअरवर वाजतील का?

सुई_आणि_खाच:
@लाखेचं_घर एलपीच्या सुईनं वाजवू नका, ७८ ची खाच खूप रुंद असते, सुई तळाशी घासत जाते. त्याची जाड सुई वेगळी येते. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.

भजनी_पेटी:
मी या संगीतातली नाही, पण एक सोपी परीक्षा सांगते. ही गाणी तुमच्या मोबाईलवरही असतील ना? वाजवायची पेटी (हार्मोनियम) काढा, मोबाईलवरच्या गाण्याचा षड्ज शोधा, मग तबकडीवरचा. किती पट्ट्या खाली आहे ते सांगा, म्हणजे अंदाजानं बोलायचं थांबेल.

घाटंजीचा_रातकिडा:
ताई, डाउनलोड भेटलं होतं सोबत. देवळातली पेटी आणली, आमच्या मंडळाच्या बुवांना बसवलं. मोबाईलवर पांढरी पाच. तबकडीवर पांढरी तीन, आणि बुवा म्हणतात तीही किंचित उतरलेली.

भजनी_पेटी:
पाचवरून काळी तीन, पांढरी चार, पांढरी तीन. म्हणजे तीन सूर पुरते आणि वर थोडं. पहिलं गाणंही तेवढंच आणि शेवटचंही?

घाटंजीचा_रातकिडा:
हो, सगळे सारखेच. पहाटे ऐकलं तरी तेवढंच.

स्टॅबिलायझर_भाऊ:
पहाटे पण लोड असते.

खांबावरचा_तारवाला:
स्टॅबिलायझरचा विषय सोडा भाऊ. व्होल्टेज असं वर-खाली होते की गाणंही हेलकावे खाल्लं असतं, हे तर एका मापानं खाली आहे. रातकिडा, एक काम कर, ते जे शेवटचं दार करकरते ते बिघाड नाही, तिथं मुद्दाम गोल बंद खाच कापलेली असते, सुई तिथंच फिरत राहते. दहा करकर किती सेकंदात होतात ते मोबाईलच्या घड्याळावर मोज. ३३ वर बरोबर असेल तर एका फेऱ्याले १.८ सेकंद, दहाचे १८. आणि काकांनी प्लेअर कुठून आणला ते आतातरी सांग.

घाटंजीचा_रातकिडा:
दहाचे साडेएकवीसच्या थोडे वर, तीनदा मोजलं. प्लेअर काकांनी अमेरिकेतून आणला, तिकडे नोकरीले होते. त्याले ११० चा ट्रान्सफॉर्मर जोडला आहे, तो काही खराब नाही, घूं आवाज करते पण चालते.

खांबावरचा_तारवाला:
हे पहिल्याच दिवशी सांगायचं होतं ना बावा!! तुझा प्लेअर, सुई, रेकॉर्ड, सगळं ठीक आहे. ट्रान्सफॉर्मर २३० चे ११० करून देते, पण तिकडची वीज ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाले ६० हेलकाव्यांची, आणि आपली ५० ची, ते काही ट्रान्सफॉर्मर बदलत नाही. जुन्या प्लेअरची मोटर हर्ट्झच्या तालावर फिरते. साठाच्या जागी पन्नास भेटले म्हणजे ३३.३ च्या जागी २७.८ फेरे, एका फेऱ्याले २.१६ सेकंद, दहाचे २१.६. तुझं माप तंतोतंत आहे, आणि ताईंचे तीन सूरही त्याच्यानंच उतरले. ४५ वर चिरकते कारण तिथं साडेसदतीस होते.

सुई_आणि_खाच:
वा! ट्रान्सफॉर्मर माझ्या डोक्यातच आला नाही. मी तर लेबलवरच अडकलो होतो.

घाटंजीचा_रातकिडा:
मग आता काय, नवीन घ्यायचा? तेवढे पैसे नाहीत, सोयाबीनचे अजून आले नाहीत.

खांबावरचा_तारवाला:
नाही. प्लग काढ, थाळी उचल. मोटरच्या पुलीवर ३३ चा टप्पा आणि ४५ चा टप्पा दिसेल. ३३ चा टप्पा सव्वा नाही, १.२ पट जाड पाह्यजे. १० मिलीमीटरचा असेल तर १२. वायरिंगची काळी टेप आठ फेरे जवळपास तेवढं भरते, पण एकसारखी ओढून गुंडाळ, आणि मोटर जिकडे फिरते तिकडे टेपचं टोक दाबलं जाईल असं पाहा, नाहीतर पट्टा ते सोलून काढते. मग तेच दहा करकर मोज, १८ येईपर्यंत एकेक फेरा कमी-जास्त कर. पुढं लेथवाल्याकडून पितळेची पुली करून घे. अजून एक, ६० ची मोटर ५० वर जास्त तापते, म्हणून प्रत्येक बाजूनंतर हात लावून पाहा, पाच मिनिटं बंद ठेव.

संत्र्याची_बाग:
टेप उन्हाळ्यात चिकट होऊन घसरेल पहा.

खांबावरचा_तारवाला:
उन्हाळ्याआधी पुली होईल ना. ३१ चं पाहू द्या त्याले.

घाटंजीचा_रातकिडा:
झालं!!! आठ फेऱ्यात १७.८ आले, एक काढला, १८ च्या किंचित वर. आणि भावांनो, गाणारा तो नाहीच, पोरगी आहे. मोबाईलवर आम्ही कोणी ऐकलंच नव्हतं, पहिल्यांदा तबकडीवरच ऐकायचं ठरलं होतं चौघांचं, बुवांनी षड्ज शोधला तवा मी कानात बोटं घालून बाहेर उभा होतो. दहा दिवस आम्ही तिले माणूस समजून ऐकून राहिलो. तिसऱ्या गाण्यात ती एकदम वर जाते, मागं ऑर्गन थांबते, फक्त वारा राहते, तिथं आम्ही चौघंही एकमेकाकडे पाहत राहिलो, कोणी बोललं नाही. तारवाला दादा, ताई, तुमचे उपकार आहेत. दादा जवळपास असाल तर ३१ ले या, घाटंजीवरून कोणी घ्यायले येईल.

भजनी_पेटी:
पट्टी बघितली का पुन्हा?

घाटंजीचा_रातकिडा:
बुवांनी पेटी परत नेलीच नव्हती ताई. पांढरी पाच.

लाखेचं_घर:
धागा काढला आहे, ७८ च्या सुईबद्दल. कोणीतरी उत्तर द्या.